बोळातले अकरा खिळे

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अप्पा तुझ्याकडे सुखरूप पोचल्याचं कळलं आणि जीव भांड्यात पडला. घर पाहावं बांधून म्हणतात. मी नुसतं दुरुस्त करून पाहतोय, तर तोंडाला फेस आला. माडीची तुळई वाळवीने आतून पोकळ निघाली. नळाचं काम करणारा दोन दिवसांचं सांगून आठ दिवस गायब आहे आणि त्याने अर्धवट सोडलेला पाइप फुटून स्वयंपाकघराचा ताजा गिलावा खाली आला. गवंडी म्हणतो की या घराला दुखणं नाही, खोड आहे.

एक गंमत सांगतो. घरातल्या बोळाच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर अकरा खिळे निघाले. जिन्याच्या वळणाशी दोन, न्हाणीघराच्या दाराशी तीन, बाकीचे कुठेकुठे. त्यांना रुमालसुद्धा टांगता येणार नाही इतके आखूड, आणि डोकी कानशीने घासून गुळगुळीत केलेली. जन्मभर फिटरचं काम केलेले अप्पांचे हात निवृत्त झाले तरी स्वस्थ बसत नाहीत, दुसरं काय! सगळे उपटले, भोकं बुजवून रंग दिला. कठड्याला सुतळीच्या गाठी होत्या, त्याही कापल्या. उंबरा काढून फरशी सपाट केली. अप्पांना यातलं काही बोलू नकोस, आल्यावर चकित होऊ देत.

लोभ आहे तो या छपरासारखा गळू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


दि. ११ फेब्रुवारी

प्रिय धाकट्यास,
अ. उ. आ.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. अप्पा आल्यापासून धडपडत होते. दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं, दोनदा पाण्याचं भांडं लवंडलं. दुसऱ्यांदा मी तुझ्या मेव्हण्यांसमोर त्यांना बोलले, की जरा बघून वागत जा. ते हसले आणि चुकलं म्हणाले. ते हसणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

शेवटी डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांना. डॉक्टर म्हणाले की यांना निदान तीन वर्षं काहीच दिसत नाही, आता उपाय नाही. मी डॉक्टरांशी वाद घातला, की परवापर्यंत हे स्वतःच्या घरात जिना उतरून अंघोळीला जात होते. डॉक्टरांनी विचारलं, घर ओळखीचं आहे ना?

तुझे खिळे मला तेव्हा आठवले. मी अप्पांना काही सांगितलेलं नाही. तू जेव.

तुझी,
ताई


दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी त्यांच्याबरोबर एका छपराखाली राहिलो. रोज सकाळी ते म्हणायचे, चष्मा वर राहिला, तूच पेपर वाच. मी त्यांना आळशी म्हणायचो आणि वाचायचो, वर स्वतःला मोठा गुणी मुलगा समजायचो. तू तरी चार दिवसांत ओळखलंस. मला तीन वर्षं पुरली नाहीत.

परवा गवंड्याला सुट्टी दिली आणि खिळे परत ठोकायला बसलो. कुठे होते ते आठवेना. रंगाखाली एक भोक सापडत नाही, इतकं काम चोख झालंय. मग डोळे मिटून बोळातून चाललो. न्हाणीघर समजून अडगळीच्या खोलीत शिरलो. ताई, मी त्यांचं घर दुरुस्त केलं नाही, त्यांच्या हातातून काढून घेतलं. हे अप्पांना कोणत्या तोंडाने सांगू? हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस.

माझ्यावर रागाव, पण लोभ सोडू नकोस.

तुझा,
धाकटा


दि. २२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर ताईचं आहे, शब्द माझे. तुझं पत्र तिने अर्ध्या मिनिटात वाचून संपवलं, पण पानं दोन उलटली. माझे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. मग सगळं वाचायला लावलं. ती रडत वाचत होती, म्हणून वेळ लागला.

तुला दिसलं नाही, असं तू लिहितोस. मी दिसू दिलं नाही. तुझी आई गेली तेव्हा तू नोकरी सोडून माझ्याजवळ बसायला निघाला होतास, आठवतं? हे कळलं असतं तर खरंच बसला असतास आणि मलाही खुर्चीत बसवलं असतंस. तेव्हा दोष द्यायचाच तर माझ्या कारागिरीला दे. पण एक कबूल करतो. पेपर ऐकताना रोज वाटायचं, आज सांगावं. रोज उद्यावर ढकललं. त्याचं ओझं मलाही आहे.

तुळई बदल, सागाचीच घाल. उंबरा गेला ते बरं झालं, त्याला मी कायम ठेचकाळायचो. खिळ्यांना मात्र मी येईपर्यंत हात लावू नकोस. मी बोळातून चालेन, माझा हात थांबेल तिथे तू खिळा धर आणि ठोक. डोकी मी घासीन, तुझ्या हाताला सफाई नाही. मागचे खिळे तू कामावर गेल्यावर ठोकायचो, हातोडीला फडकं गुंडाळून, शेजाऱ्यांनी आवाज ऐकून तुला काही सांगू नये म्हणून. या वेळी फडकं नको.

तुझा,
अप्पा