छोट्या शाळेची केबल आणि मामांचा डोळा

तीर्थरूप मामांना (आणि त्यांच्या नव्या डोळ्याला) साष्टांग नमस्कार.

पट्टी निघाल्याचं मामीनं फोनवर सांगितलं. ताईकडे बसून तुम्ही पेपर स्वतः वाचू लागलात, आणि जावयांच्या शर्टावरचा डाग लांबून ओळखलात, हेही कळलं. म्हणजे नजर पूर्वीसारखीच झाली म्हणायची. औषधाचे थेंब चुकवू नका, खाली वाकू नका. घराची काळजी तर अजिबात नको. किल्ली माझ्याकडे आहे आणि झाडांना पाणी घालायला मी रोज जातो (हल्ली जावंच लागतं).

आमच्या खात्याचं काम तुम्हाला ठाऊक आहेच. शिक्षण मंडळाच्या सगळ्या शाळा नव्या फायबर केबलने एकमेकींना जोडायच्या. राहिली होती ती फक्त छोटी शाळा, आमची लेक टकळी जाते ती. साहेबांनी बजावलं होतं, सत्र सुरू होण्याआधी ही जोडली नाही तर शाळा बंद आणि मुलं मोठ्या इमारतीत. म्हणजे पहिलीतल्या पोरीने रोज तो ट्रकांचा हमरस्ता ओलांडायचा.

आता ही केबल जमिनीखालच्या नळीतून जाते. जुनी ओढून काढताना तिच्या टोकाला दोरी बांधायची असते. जुनी बाहेर येते, दोरी आत जाते, मग त्या दोरीने नवी ओढायची. शेंबडं पोरही चुकणार नाही. पण कंत्राटदाराला वाटलं दोरी मी बांधली, मला वाटलं मुकादमाने बांधली, आणि मुकादम म्हणाला की तो तर ओढणाऱ्या बाजूला होता. जुनी केबल बाहेर, दोरी बाहेर, नळी रिकामी. बसा आता बोंबलत! पलीकडून तार घालून पाहिली तर ती मध्येच अडली. खणल्यावर कळलं, कुठल्याशा झाडाची मुळं नळी फोडून आत मांडी घालून बसली होती. शेवटी शेजारच्या एका बागेतून चर काढायचं ठरलं. मालक परगावी होते, पण माणूस दिलदार, पोराबाळांवर जीव टाकणारा, असं मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं. साहेबांनी परवानगीचं विचारलं. मी म्हटलं, "घरचीच परवानगी समजा."

केबल पोचली, हिरवा दिवा लागला, छोटी शाळा वाचली. मुख्याध्यापिका बाई रडल्या आणि खरं सांगतो, मीही रडलो. बाकी सगळं ठीक. मामीला नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. बाग तुमची. मुळं तुमच्या अंजिराची. अंजीर काढावं लागलं (तसंही फळं पाखरंच खायची). गुलाब बादल्यांत आहेत, बरेचसे जगतील.

आणखी ता. क. दुसरा डोळा सावकाश करू, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. सावकाश कशाला? तिथेच उरकून घ्या आणि चांगली विश्रांती घेऊन मगच या. तोवर माती बसेल.

शेवटचं ता. क. उद्घाटनाला सगळ्या शाळा पडद्यावर बघत असताना टकळीला बोलायला उभं केलं होतं. ती म्हणाली, "ही केबल माझ्या मामाआजोबांच्या बागेतून आली. त्यांना अजून माहीत नाही." प्रत्येक इमारतीत शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू गेला, काम चोख झालंय. तिने तो व्हिडिओ ताईच्या मोबाईलवर पाठवलाय. तेव्हा मामा, नव्या डोळ्याला ताण नको, मोबाईलकडे तूर्त बघूच नका.