साहेबाचा ट्रक आणि विहिरीचा दोर

रविवार, रात्र

साहेबाचा ट्रक आज एकदाचा चालू झाला. चौलला आमच्या वाडीत भाड्याने राहून हा परदेशी माणूस लष्कराचं ते जुनं धूड दुरुस्त करत बसला होता. हौस म्हणे. उद्या ओहोटीला काशीदच्या वाळूवर फिरवणार. आणि ट्रकापुढे नारळ हिने फोडला म्हणून आमच्या हिला शेजारी बसवणार!

मी म्हटलं, "साहेब, वाळू वरून घट्ट दिसते, खाली पाणी असतं. गाड्या रुतल्यात तिथं."

"काका, चारही चाकं ओढतात," मोडक्या मराठीत म्हणाला.

ओढतील. पण भरती थांबेल का?

विहिरीचा जाड दोर नेऊन ट्रकात टाकला. ही हसली. "अवो, हत्तीला सुतळी बांधताय व्हय? लग्न झाल्यापासून मला कुठं फिरवलंत? मी बसणार."

खरंच कुठं नेलं नाही. अडवू कुठल्या तोंडाने?

जेवण गेलं नाही. सारखा तो दोरच डोळ्यांपुढे. ट्रक रुतला तर दोरही आतच. मग बाहेरून ओढणार कोण?

आत्ताच जाऊन परत काढून आणला. उद्या मीही ट्रकात बसेन, पण वाळू लागली की उतरणार. दोर घेऊन किनाऱ्यावर उभा राहणार.