शेळ्यांवरचे त्रिकोण

चकलांब्याजवळची आपली वस्ती
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप ताराअक्का यांच्या पायांवर धाकट्या मोहनचं डोकं. नेकनूरच्या थंडीत आपले गुडघे काय म्हणतात, डॉक्टरनं दिलेलं तेल आपण चोळता की नुसतंच फडताळात ठेवता, दाजींचा खोकला ओसरला का, म्हैस व्याली का, आणि व्याली असेल तर खरवस खाताना भावाची आठवण झाली का, हे सगळं कळवावं. (वर 'आपण' लिहिलं ते पत्राची रीत म्हणून. पुढं 'तू'च म्हणणार. साठ वर्षं 'तू' म्हटल्यावर आता 'आपण' लिहिताना तहसीलदाराला अर्ज करतोय असं वाटतं.)

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन हौदात बुडाला. कसा बुडाला ते ओळीनं सांगतो, मधे घाई करू नको.

त्याचं असं झालं. आपली उज्ज्वला पशुसखीच्या प्रशिक्षणाला अठरा दिवस बीडला गेली. (पशुसखी म्हणजे गावोगाव फिरून शेळ्यांना लस टोचणारी, जंताचं औषध पाजणारी बाई. सुनेला हे कुणी सुचवलं म्हणशील तर कुणीच नाही, तिचं तिनंच फॉर्म भरला आणि निवड झाल्यावर आम्हाला सांगितलं.) तुझी भावजय तुळजाबाई आधीच धाकट्या लेकीच्या बाळंतपणाला परभणीला गेलेली. माझा अंगद दिवसभर ऊसतोडणीच्या यंत्रावर. आणि वस्तीवरची अंगणवाडी नेमकी रंगकामासाठी बंद. म्हणजे घरात उरलो मी आणि पाच वर्षांची माझी नात संस्कृती.

पोरीचं तुला थोडंफार ठाऊक आहे. आईशी बोलते, शेळ्यांशी तर दिवसभर बोलते, पण तिसरं माणूस दिसलं की तोंडाला कुलूप. अंगणवाडीत दोन वर्षं काढली, एक शब्द नाही. शेवटी बबिताताईंनी, म्हणजे तिथल्या बाईंनी, उज्ज्वलाला सांगितलं, "पोरीला येतंय का न्हाई तेच कळंना. जूनला पहिलीत बसायची. तिथं एवढ्या लेकरांत न बोलणाऱ्या पोरीकडं कोण बघल?" दोन दिवसांनी उज्ज्वलानं वहीच्या पानावर घरच्या घरी करायच्या खेळांची यादी लिहिली, 'खेळत खेळत शिकू' असं वर नाव घातलं आणि जाताना ते पान चिकटवलं माझ्या कपाटावर. रोज अर्धा तास. खाली लाल पेननं एक ओळ होती, 'मामा, मोठ्यानं बोलू नका.'

अक्का, मला राग आला. पंधरा वर्षं मी सरपंच होतो. दर झेंडावंदनाला मी शिक्षणाचं महत्त्व या विषयावर चाळीस चाळीस मिनिटं बोललोय. (एका वर्षी तिसरीतलं एक पोरगं उन्हात चक्कर येऊन पडलं, पण तो माझा दोष नव्हता, त्यानं सकाळी काही खाल्लं नव्हतं.) मला कोण शिकवतंय? पण खरं सांगायचं तर एवढ्या वर्षांत एका लेकरासमोर मी अर्धा तास कधी बसलो नव्हतो. अंगदला पाढे आले कसे, हेसुद्धा मला माहीत नाही.

पहिला खेळ होता डाळी निवडायचा. तूर, मूग, हरभरा एकत्र करून लेकराला वेगळे करायला द्यायचे. उज्ज्वलानं 'मूठभर' असं लिहिलं होतं, पण चष्मा ओट्यावर राहिला होता. मी म्हटलं, करायचं तर दणक्यात करू, आणि घरातले तिन्ही डबे मोठ्या परातीत रिकामे केले. संस्कृतीनं परातीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, ओंजळभर डाळ उचलून पाटावर घेतली, तिचे तीन नीट ढीग लावले आणि उठून शेळ्यांकडं गेली. तिचा अभ्यास झाला. माझा राहिला. मी आणि सिदू दिवस मावळेपर्यंत डाळ निवडत बसलो होतो. सिदू म्हणजे आपल्या वस्तीच्या कडेला शेळ्या घेऊन राहतो तो, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, शाळेत कधी गेला नाही आणि मला कधी घाबरला नाही. अर्धी परात झाल्यावर आम्ही दोघांनी नाद सोडला. अंगदनं पुढचे पाच दिवस तिन्ही डाळींची आमटी खाल्ली आणि सहाव्या दिवशी विचारलं, "अण्णा, ही यादी अजून किती दिवस हाय?"

दुसरा खेळ बुडतंय का तरंगतंय. हौदाशी बसायचं, एकेक वस्तू पाण्यात सोडायची, आधी अंदाज करायचा आणि मग पाटीवर खूण करायची. मी तिला आधी विज्ञान समजावून सांगितलं, जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं, मोठ्या आवाजात, हात हलवून. मग बुडणार म्हणून चांगलं पोसलेलं भरताचं वांगं टाकलं. ते तरंगलं. ती वांग्याकडं बघत राहिली. मला ते सहन होईना. वांग्याची अडचण काय आहे हे तिला समजावायला मी पुढं वाकलो आणि खिशातला फोन पाण्यात गेला. संस्कृतीनं शांतपणे पाटी उचलली आणि 'बुडतंय'च्या रकान्यात फोनाचं चित्र काढलं. चित्र फार छान होतं अक्का, वरचा तुटलेला कोपरासुद्धा होता. पण मी ओरडलो. फोनावर ओरडलो, पोरीवर नाही, पण लेकराला तो फरक कसा कळणार? पाटी तिथंच टाकून ती गोठ्यात जाऊन बसली.

सिदू हे सगळं बांधावरून बघत होता. तो आला, हौदात हात घालून फोन काढला, धोतराला पुसला आणि माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "अण्णा, राग येऊ द्यायचा न्हाई. एक इचारू?"

"विचार."

"तुमी कावून एवढं बोलता?"

मी म्हटलं, "अरे, तिला शिकवायला नको?"

"तुमी बोलायचं थांबलात तर ती बोलल ना. तिला मधी जागाच न्हाई सापडत. माझ्यापाशी लई बोलती ती. मी काय करतो? गप बसतो."

पंधरा वर्षांत ग्रामसभेत मला असं कुणी बोललं नव्हतं. मी दिवसभर त्याच्याशी बोललो नाही. (तो म्हणतो, त्याला कळलंच नाही.) पण मन खात राहिलं. गोठ्याच्या भिंतीआडून ऐकलं, तर पोरगी शेळीला सांगत होती, वांगं आतून फोपसं असतं म्हणून तरंगतं, आबाला ठाऊक न्हाई, तू सांगू नको. अक्का, तिला सगळं कळत होतं. ऐकायला माणूस नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी यादीतला खेळ सुरू करताना तोंडात सुपारीचं मोठं खांड धरायला लागलो. ते तोंडात असेपर्यंत बोलायचं नाही, असा नियम. पहिल्या दिवशी मला घाम फुटला. दोन दिवस ती माझ्याकडं संशयानं बघत होती. तिसऱ्या दिवशी पिठात बोटानं अक्षरं काढताना मी 'ळ' उलटा काढला, मुद्दाम नव्हे, तर ती हळूच म्हणाली, "आबा, असा न्हाई." एवढंच. मी पीठ सारखं केलं आणि परत काढला. मग पानांची जोडी लावणं, वाटीनं पाणी मोजणं, टाळ्यांवर आकडे म्हणणं, असं सगळं होत गेलं. ती सांगत होती आणि मी सुपारी चघळत होतो. पाण्याच्या खेळात माझी दोन धोतरं भिजली, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग आले आकार. गोल, चौकोन, त्रिकोण अंगणात खडूनं काढा, असं यादीत होतं. संस्कृती म्हणाली, अंगणात नको, शेळ्यांवर काढू. सिदूच्या शेळ्या काळ्याभोर, त्यावर पांढरं उठून दिसतं. सिदू म्हणाला, "काढू द्या. त्यांना कुठं लग्नाला जायचंय." आम्ही खडू भिजवून कालवला. पोरीनं आपल्या मनानं ठरवलं, गाभण शेळ्यांवर गोल, बोकडांवर चौकोन आणि करडांवर त्रिकोण. हे वर्गीकरण मला सुचलं नसतं. सिदू निघाला चारायला, आणि दोन्ही अंगांवर त्रिकोण घेतलेली अकरा करडं नाचत नाचत गावातल्या रस्त्यानं गेली.

आता गावात निवडणुकीचं वारं सुटलेलं. तासाभरात सिदू शेळ्या घेऊन परतला आणि त्याच्या मागोमाग अमरसिंह मोटारसायकलवर हजर. हा माझा जुना विरोधक, तीनदा माझ्याविरुद्ध उभा राहिला, दोनदा पडला. (तिसऱ्यांदा मी पडलो.) फोनात फोटो काढूनच आला होता. अंगणात उभा राहून म्हणाला, "मोहनराव, आचारसंहिता लागलीय आन् तुमी शेळ्यांवर चिन्ह काढून गावभर फिरवायलेत? हे कुठलं चिन्ह हाय? कुणाचं हाय?"

माझ्या तोंडात सुपारी होती. खेळ सुरू होता, करडांवरचे पुसट झालेले त्रिकोण आम्ही परत काढत होतो. अक्का, तुला माझा स्वभाव माहीत आहे. त्या माणसाला द्यायची चौदा उत्तरं माझ्या घशाशी आली होती. मी दातांत सुपारी आवळली आणि संस्कृतीकडं बघितलं. ती करडू धरून उभी होती, अमरसिंहाकडं बघत. अमरसिंह माझ्यावर परत खेकसणार, तेवढ्यात ती म्हणाली,

"चिन्ह न्हाई. तिरकोन हाय."

अमरसिंह खाली बघायला लागला. "आं?"

"तीन कोपरे असत्यात. मोजा."

आणि तो माणूस, अक्का, धुतलेला पांढरा पायजमा घातलेला, लेंड्यांत उकिडवा बसला आणि करडावर बोट ठेवून मोजायला लागला. एक, दोन, आणि करडू हललं. "नीट धरा की," पोरगी म्हणाली. त्यानं धरलं आणि परत एकपासून मोजलं. मग तिनं बोकडाकडं बोट केलं. "तो चौकोन. त्याला किती?" अमरसिंह म्हणाला, "चार." "न मोजता कसं सांगितलं? मोजून सांगा." सिदू तोंडावर उपरणं धरून हौदामागं गेला. मी जागचा हललो नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते सुपारीमुळं असंही म्हणता येईल.

बोकड मोजून झाल्यावर अमरसिंह उठला, पायजमा झटकला, फोन काढला आणि माझ्यासमोर फोटो पुसून टाकला. जाताना म्हणाला, "मोहनराव, नात तुमच्यावर गेली न्हाई. बरं झालं." दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या नातवाला, सत्यमला, मोटारसायकलवर आणून सोडलं. म्हणाला, हा घरात नुसता मोबाइल बघतो, तुमच्यात बसू द्या. सत्यम मोठ्यानं बोलणारं पोरगं आहे. संस्कृती त्याला कामं सांगते आणि तो करतो.

आता अंगणवाडी सुरू झाली. तू विचारशील, तिथं बोलली का? पहिले दोन दिवस नाही. तिसऱ्या दिवशी बबिताताईंनी सूप दाखवून आकार विचारला, तर हिनं सत्यमच्या कानात सांगितलं आणि सत्यमनं ते सगळ्या वर्गाला ओरडून सांगितलं. काल मात्र बबिताताईंच्याच कानात सांगितलं. त्या म्हणाल्या, कानापर्यंत आलं, तोंडावर यायला वेळ लागत न्हाई.

उज्ज्वला परवा आली. तिनं डाळीचे डबे उघडून बघितले आणि झाकले. मग पाटीवरचं फोनाचं चित्र बघितलं आणि पदर तोंडाला लावून खूप वेळ हसत बसली. संस्कृती तिला अठरा दिवसांचं सगळं सांगत होती, आणि मी पलीकडं बसून एक अक्षर न बोलता ऐकत होतो.

दाजींना नमस्कार, नातवंडांना गोड पापा, म्हशीच्या पाठीवर माझ्या नावानं एक थाप. तुझाच, अजून सुधारायचा राहिलेला,

मोहन

ता.क. फोन अंगदनं चार दिवस तांदळात ठेवला होता. चालू झालाय, पण बोलणारा रांजणात बसलाय असं वाटतं. तेव्हा उत्तर पत्रानंच पाठव.

ता.क. २. मूळ गोष्ट लिहायची राहिली. उज्ज्वलाला काम मिळालंय. आसपासची बारा गावं, आठवड्यातले चार दिवस सकाळपासून दुपारपर्यंत फिरावं लागेल. अंगद हो म्हणाला. तुळजाबाई परभणीहून म्हणतात, सुनेनं गावोगाव हिंडायचं आणि पोरीला बघायचं कुणी? मी बघतो म्हणालो, तर त्या फोनवर इतक्या हसल्या की बाळ उठलं. तुझा शब्द त्या मोडत नाहीत. तेव्हा पत्र मिळाल्यावर दोन दिवसांत दाजींच्या फोनवरून त्यांना लाव आणि तुझ्याच मनात आल्यासारखं सांग की उज्ज्वलाला जाऊ द्या, मोहन पोरीला सांभाळतो.

ता.क. ३. एवढंच सांग, जास्त काही बोलू नको, खोटं बोलताना तू लगेच सापडतेस. तसं यात खोटं काही नाही, अक्का. फक्त मी सांगितलं की कुणाला खरं वाटत नाही, एवढीच अडचण आहे.