काकांच्या शवपेटीवरची ढाल

उप्साला, रविवार

लाडक्या एब्बा,

मी ठीक आहे, जेवणखाण व्यवस्थित चाललंय. बाबांचा खोकला कसा आहे?

टोर्केल काकांना काल पोचवलं. आपल्या घराण्याची हरणाच्या चिन्हाची ढाल आता माझ्या हाती देतील म्हणून मी पुढेच उभा होतो. पाद्रींनी ती शवपेटीवर आपटून फोडली. वंशातला शेवटचा पुरुष गेला की फोडतात, तशी!

"अहो, मी सख्खा पुतण्या इथे जिवंत उभा आहे!"

"तुमचे काकाच बजावून गेलेत," पाद्री म्हणाले. "कोळणीशी लग्न केलेला भाऊ आणि त्या कोळणीची पोरं घराण्यात धरायची नाहीत."

दर उन्हाळ्यात आईच्या हातची हेरिंग मासळी बोटं चाटत खायचा ना गं हा माणूस?

आईला यातलं अक्षरही कळू देऊ नकोस. बाबांनी विचारलं तर सांग, ढाल मीच उचलली आणि चांगली जड होती.

तुझा, अजून जिवंत असलेला भाऊ,
सिक्स्टेन