ताईच्या अर्ध्या शेतातला पेंढा

ती. ताईस,

कंबरेत वाकून नमस्कार. (एरवी मी इतका वाकत नाही हे तुला ठाऊक आहे. पण गेला हंगामभर मी वाकूनच चालतोय. कारण पुढे कळेल.) भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना चढू नका, आणि चढलातच तर ताईसमोर चढू नका.

तू विचारलंस, शेत परवडतं का ते एकदा सरळ सांग, नाहीतर माझं अर्धं वीटभट्टीवाल्याला देऊन टाकते. तेव्हापासून घशाखाली घास उतरत नाही. (उतरतो, पण चव लागत नाही.) म्हणून यंदा गव्हावर प्रयोग केला. बांधाच्या अलीकडचं माझं अर्धं बाबांच्या पद्धतीनं खोल नांगरलं, ढेकळं फोडली, अंथरुणासारखं सपाट केलं. पलीकडच्या तुझ्या अर्ध्याला नांगर लावलाच नाही. मागच्या पिकाचा पेंढा बारीक करून तिथेच पसरला आणि त्यातूनच यंत्रानं बी पेरलं. पेंढा कुजला की खत होतं आणि डिझेलही वाचतं, असं शास्त्र आहे. (शास्त्र म्हटल्यावर पुढे प्रश्न विचारलेले मला आवडत नाहीत.)

पण लोकांना न नांगरलेलं शेत बघवत नाही. दुसऱ्याच दिवशी शेजारचे काका तब्येतीची चौकशी करायला आले. मग सुतार आला, मग त्याची सासू. सगळ्यांचं मत एकच, की शेत असं पडलंय म्हणजे घरात कोणीतरी आजारी आहे. तुझ्या भावजयीला इतकी लाज वाटली की तिनं सांगून टाकलं, "यांची कंबर धरलीय." झालं! तेव्हापासून मी घराबाहेर पडलो की कंबरेवर हात ठेवून कण्हत चालतो. एकदा हात ठेवायचा राहिला, तर काका लांबून ओरडले, "आज बरं दिसतंय!" मला तिथल्या तिथे कण्हावं लागलं.

त्यात तुझा गहू पिवळा पडला. कुजणारा पेंढाच जमिनीतलं नत्र खात होता, रोपांना काही उरेना. शेतीच्या शिबिरातल्या साहेबांना विचारून थोडा जास्त युरिया टाकला. तोवर मी त्या बाजूला तोंड करून उभाही राहत नव्हतो; येणाऱ्याजाणाऱ्याला माझा हिरवागार गहूच दाखवायचो. मग ऐन थंडीत ऊन तापलं. पेंढ्याखाली ओल टिकली, तुझा गहू सावरला. माझ्या सपाट अंथरुणाला भेगा पडल्या आणि एक पाणी जास्त द्यावं लागलं. मळणीत तरीही माझ्याकडची पोती थोडी जास्त भरली, तेव्हा मी कंबर विसरून उडी मारली. (काकांनी पाहिलं.) पण नांगरट, डिझेल आणि पाणी यांचा खर्च वजा केल्यावर माझ्या हाती उरलं ते सांगण्याजोगं नाही. तुझ्या बाजूला चांगलं उरलं. म्हणजे जिथे मी घाम गाळला तिथे बुडालो, आणि जिथे हात लावला नाही तिथे कमावलं. मी शेतात जितका कमी येईन तितकं शेताचं भलं, असं बाबा म्हणायचे. तो टोमणा नसून सल्ला होता, हे आत्ता कळलं.

एका हंगामावरून काही ठरत नाही, असं साहेब म्हणतात. तेव्हा अजून एक हंगाम तरी थांब. शेत परवडतं, ताई. विकू नकोस.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. – प्रयोगाला तुझंच अर्धं का घेतलं, हे तू विचारणारच. बुडालं तर तुझं बुडावं, असा माझा हिशेब होता. लबाड म्हण, ऐकून घेईन.

आणखी एक ता. क. – वन्सं, पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून मीच लिहिते. यांचा कसलाही हिशेब नव्हता. अलीकडचं अर्धं नांगरून झालं आणि नांगर सरळ कसा धरावा यावरून हे ट्रॅक्टरवाल्याशी भांडले. तो बांधावरूनच परत गेला, आणि दुसरा कोणी यायला तयार होईना. शेवटी माझ्या भावानं यंत्र आणून पेरून दिलं. शास्त्राचं शिबिर त्यानंतरचं. लबाड म्हटलेलं यांना चालेल, पण फजिती झाली हे तुम्हाला कळलेलं चालणार नाही, म्हणून तुम्ही आपलं लबाडच म्हणा. शेत मात्र खरंच विकू नका. रोज संध्याकाळी हे तुमच्या बाजूला जातात, पेंढा उचलून खालची गांडुळं बघतात आणि घरी येऊन मला सांगत बसतात. इतक्या वर्षांच्या संसारात हे आपणहून माझ्याशी बोलायला लागलेत ते यंदाच.