देदू बांधावर कसा मेला

प्रिय सेनेब,

तुझा निरोप पोचला. तू धडधाकट आहेस, दक्षिणेच्या त्या किल्ल्यात दोन वेळची भाकरी मिळतेय, हे ऐकून आईच्या जिवाला थंडावा मिळाला. हे मी बोलतेय आणि देवळातला लेखनिक लिहून घेतोय. मघाशीच म्हणाला, "मावशी, सावकाश. माझी लेखणी तुमच्या तोंडाइतकी पळत नाही." तिकडे तुला जो कोणी हे वाचून दाखवेल, त्याला एकट्याला जवळ बसव. बाकीच्या शिपायांना बाहेर पाठव. ही घरातली गोष्ट आहे.

आधी इथलं सांगते. जवस फुलावर आलंय, नदीकडचा सगळा तुकडा निळा झालाय. तांबडी गाढवी व्याली. देदूचा मुलगा भिंत धरून चालायला लागला. कपाळ थेट बापाचं. त्याला बघितलं की तुझी वहिनी हेनुत दळता दळता थांबते आणि मग जात्याचा दगड जोरात रेटते. माझ्याशी ती फारसं बोलत नाही. का, ते पुढे येईलच.

तुझ्या भावाला मागून वार करून मारला, असं तुला नावाड्यानं सांगितलं. तो नावाडी तिथे नव्हता. मी होते.

यंदा नदी अर्धीच चढली. जे काही पाणी आलं ते वरच्या गावाच्या खाचरांत शिरलं आणि बांधामागे अडून राहिलं. दरसाल त्यांची जमीन पिऊन झाली की ते बांध फोडतात आणि पाणी आपल्याकडे उतरतं. यंदा फोडेनात. आपली माती तडकत चालली. शेवटी चार माणसं विनवणी करायला गेली, देदूही गेला. त्यांच्या पाण्याचा कारभार त्यांच्यातल्या त्या आंखू नावाच्या पोराच्या बापाकडे. म्हातारा बांधावर बसून कांदा खात होता. म्हणाला, "आमच्या मातीची तहान भागू दे की. तुम्हाला कसली घाई, मगरी पाळल्यात काय खाली?" सगळे हसले. आपलेही दोघे हसले. देदू हसला नाही.

तुला ठाऊक आहे तो कसा होता. त्या पिवळ्या कुत्र्यानं तुझी पोटरी धरली होती, आठवतं? देदूनं दगड घेतला. कुत्रं मेलं तरी तो मारत राहिला, डोकं चिखलात मिसळेपर्यंत. आम्ही त्याचं कौतुक केलं. भावासाठी उभा राहिला म्हणून त्याला अंजीर दिलं मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपले पुरुष कुदळी घेऊन बांध फोडायला निघाले. आम्ही बायका भाकऱ्या आणि कांदे घेऊन मागोमाग गेलो, कामावर जातो तशाच. दोन घाव पडले नाहीत तोच वरच्या गावची माणसं धावत आली. आधी शिव्या झाल्या. मग कोणीतरी कोणाला ढकललं, आणि मग कोण कोणाला मारतंय ते कळेना. लाकडी कुदळ हाडावर बसली की ओलं सरपण मोडल्यासारखा आवाज येतो. तुझ्या इपीकाकाचा जबडा तसाच मोडला. त्यांच्यातल्या एकाचा अंगठा आपल्यातल्या कोणीतरी चावून तोडला, तो थुंकला ते मी पाहिलं. बांधाला भगदाड पडलं, पाणी धो धो खाली सुटलं, माणसं त्यात पडली आणि पडल्या जागी एकमेकांचे गळे धरून राहिली. ज्या पाण्यासाठी भांडत होते ते आपल्या खाचरांत शिरत होतं, पण तिकडे कोणी बघेना. आंखूनं कुदळ उचलली ती माझ्या डोळ्यांदेखत. एकच वार, देदूच्या डोक्यावर, मागून. तो पुन्हा हलला नाही.

मीच त्याला धुतला. नव्या चटईत गुंडाळून पश्चिमेच्या वाळूत ठेवला. सोबत भाकरी, बिअरचा घडा आणि त्याच्या वहाणा.

त्याला पुरून आलो त्याच दुपारी आपली माणसं वरच्या गावावर चालून गेली. त्यांनी बैलांच्या पायांच्या शिरा कापल्या. ते बैल गुडघ्यांवर सरपटत ओरडत होते, आवाज इथवर येत होता. पेंढ्याला आग लावली. आंखूला ओढत आणला आणि खळ्याजवळच्या उंबराला हात मागे करून बांधला. मुखियानं काठी माझ्या हातात दिली. "मावशी, पहिला हक्क तुझा." मी मारलं. हात वर होईनासा होईपर्यंत मारलं. त्याचा डावा कान फाटून लोंबायला लागला, तरी थांबले नाही. पोरगं "आई गं" म्हणून ओरडत होतं, त्याची आई तर केव्हाच मेली आहे. मला बरं वाटलं, सेनेब. लेखनिक म्हणतो हे कशाला लिहायचं. मी म्हटलं, लिही.

मग प्रांताचा अधिकारी आला, नावेतून, सोटेवाले शिपाई घेऊन. त्यानं दोन्ही गावांना खळ्यावर बसवलं. एकेकाला राजाच्या प्राणाची शपथ घालून विचारलं. आपले सगळे एकच बोलले: देदू निमूट माती काढत होता, ह्यानं मागून येऊन मारलं. त्यांचेही सगळे एकच बोलले, ते दुसरं. अधिकारी कंटाळला. म्हणाला, "नाक कापून खाणीत पाठवा ह्याला, आणि मला जेवायला वाढा." आंखूचा बाप तिथेच बसला होता. त्याला बोलता येत नव्हतं, नुसता खोकत होता, आणि खोकल्यातून काळी माती पडत होती. अधिकाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. "तू मेलेल्याची आई ना? तुला काय सांगायचंय?"

मला काही सांगायचं नव्हतं. पण शपथ घेतली होती, आणि तो म्हातारा समोर माती ओकत होता.

मी सांगितलं की देदूनं त्या म्हाताऱ्याला चिखलात पाडलं होतं. त्याच्या पाठीवर गुडघे रोवून, मानेला धरून त्याचं तोंड गाळात दाबून धरलं होतं. म्हातारा आधी पाय झाडत होता, मग पाय थांबले. मी ओरडले, "देदू, सोड, तो मरतोय." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि आणखी दाबलं. आंखूनं त्याला दोनदा ओढायचा प्रयत्न केला. देदूनं त्याला कोपरानं उडवलं. तेव्हा त्यानं कुदळ उचलली. मागून मारलं हे खरं. दुसरीकडून मारायला जागाच नव्हती.

मग हेनुत उठली, माझ्या पायाशी थुंकली आणि पोराला घेऊन घरात गेली. इपीकाकानं बांधलेल्या जबड्यातून कसंबसं म्हटलं, "पोटच्या पोराला दुसऱ्यांदा मारलंस." विहिरीवर बायका अजून मला वाट देतात, पण मी रोगी असल्यासारखी.

अधिकाऱ्यानं निकाल फिरवला. आंखूचं नाक राहिलं. तळपायांवर सोटे बसले, फाटका कान पुरता कापला, आणि देदूचा मुलगा नांगर धरण्याजोगा होईपर्यंत आपली जमीन त्यानं कसायची असं ठरलं. तो गोठ्यात झोपतो. सुरुवातीला पावलं टेकवत नव्हती, तेव्हा गुडघ्यांवर चालत बी पेरलं त्यानं. आता दोन्ही गाई जुंपतो. मी त्याला भाकरी देते, ती जमिनीवर ठेवते, हातात देत नाही. त्याला माफ केलेलं नाही. माझ्या पोराला मारणाऱ्या हातांनी उगवलेलं धान्य मी दळते, आणि देदूच्या पोराला भरवते. ह्याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही.

आता हे पत्र का, ते. नावाड्याकडून तू सांगून पाठवलंस की कापणीला रजा मिळाली आहे, कुऱ्हाडीला धार लावून ठेवली आहे, आणि ती आईला दाखवीन. गावानं ऐकलं. मुखियानं तर तुझ्यासाठी बिअर आंबवायला सांगितली. वरच्या गावानंही ऐकलं. आंखूला दोन भाऊ आहेत, आणि त्यांच्याकडेही कुदळी आहेत. आंखूला मी विचारलं, पळतोस का. तो म्हणाला, "मी गेलो तर नांगर कोण धरेल, मावशी?" आणि गाईला पाणी दाखवायला गेला. बाळा, जे खरं होतं ते मी खळ्यावर सांगितलं, आणि आता तुलाही सांगितलं. ह्याच्या पुढे माझ्याकडे काही नाही. तू माणसं मारायला शिकला आहेस, तुला अडवणं माझ्या हातात नाही. पण तुझी नाव लागेल तेव्हा घाटावर मी त्याला घेऊन उभी असेन, कारण तो माझ्या दाराशी तुझी वाट बघत बसलेला मला पाहवणार नाही. मी पुढे असेन, तो मागे. आधी माझ्यापाशी ये.

तुझीच आई,
मेरेत