आमच्या खाचराची पाळी

३ जुलै ९९
…ह्यांचं पत्र तिसऱ्यांदा वाचून दाखवलं. सासूबाई दारात विळ्याला धार लावत होत्या. ‘रजा रद्द’ आलं की हात थांबायचा. ह्यांनी चारच ओळी लिहिल्यात. सगळ्या पलटणीची रजा रद्द. वर थंडी आहे. मोजे पोचले. लावणीचं बघा.
“लढाईचं कायच नाय लिवलं?”
नाही.
“मंग बरं चाललं असंल.” पुन्हा धार.
मला तसं वाटलं नाही. पत्र परत पाकिटात घातलं.

४ जुलै
रोप गुडघ्यापर्यंत आलंय. आठवडाभरात लागलं नाही तर जून होऊन पेर धरेल, मग वर्षाचा भात गेला. लावणीआधी नांगरून चिखल करायचा, ती चिखलणी पाड्यातले पुरुष पाळीनं करतात, एकमेकांच्या खाचरात. आमची पाळी शेवटची, कारण हे तेव्हा रजेवर येतात. पाळ्या पांडूदादा लावतात. त्यांना सांगायला गेले, यंदा हे येणार नाहीत, पाळी अलीकडे घ्या.
“येल गो. दरसाल येतो.”
“लढाई चालू आहे, दादा.”
“ती अजून हाय?”
खरंच विचारलं. मनात काही वाईट नाही. मग चहा, आणि नव्या कोंबडीचं कौतुक. मीही केलं. कोंबडी छान आहे.

६ जुलै
किन्हवली, शाळा. मधल्या सुट्टीत पेपर. पहिल्या पानावर जवानांचे फोटो, चौकटीत. फोटो बघून घेतले. हे नाहीत. आतलं पान दोघा गुरुजींकडे, शब्दकोडं अडलेलं. “बाई, तुम्ही मराठीच्या. चार अक्षरी, ‘उदासीन’?”
येत होतं: बेफिकीर. सांगितलं. टाळ्या.

८ जुलै
रोप पिवळट. पांडूदादा वाटेत भेटले, हसून म्हणाले, “आला का?”
संध्याकाळी सासूबाई: “उद्या मी नांगर धरते.”
बाईनं नांगराला हात लावला की पाऊस रुसतो, असं इथे मानतात. म्हटलं, लोक काय म्हणतील?
“काय तरी म्हणतील. इतके दिस कायच म्हणत नायत.”
रजेचा अर्ज लिहिला. कारण: घरगुती.

९ जुलै
मी बैलांपुढे, सासूबाई नांगरावर. नांगराची रेघ सरळ येईना, पहिलं तास वाकडं. दुसरं त्याहून. ढवळ्या मान वळवून बघत होता. मला हसू आवरेना, मग त्यांनाही.
आठला बांधावर पाच माणसं. नऊला अख्खा पाडा. पत्र आलं तेव्हा एकही माणूस आला नव्हता.
पांडूदादा धावत आले, एका पायात चप्पल.
“काकी, सोडा तो! गावाचा पाऊस जाईल!”
पाऊस त्यांच्या नाकावरून गळत होता.
“पोरगा लढाईवर हाय रे पांडू. सुनेनं नाय सांगितलं?”
पांडूदादांनी बैलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हळूच,
“लय लांब हाय का गो ते?”
लांब आहे, म्हटलं.
“थंडी?”
खूप.
दीड महिन्यात पाड्यातल्या कुणी ह्यांची केलेली पहिली विचारपूस. त्यांनी नांगरासाठी हात पुढे केला. सासूबाईंनी दिला नाही.
“हे तास पुरं करते.”
केलं. वाकडंच.

१० जुलै
सकाळी सहाला बैलांच्या तीन जोड्या आमच्या खाचरात उतरल्या. नऊच्या सुमारास पोस्टमन आला आणि बांधावरून सरळ पुढच्या पाड्याला गेला. आमच्यासाठी ना पत्र, ना तार.